‘वयोमानाप्रमाणे’ म्हणण्याआधी कानाकडे पाहा

घरातील ज्येष्ठ व्यक्तीला कमी ऐकू येऊ लागले की त्याची चर्चा कुटुंबात फार काळ चालत नाही. टीव्हीचा आवाज वाढतो, दारावरची घंटा सर्वांना ऐकू येते पण आजींना येत नाही, एकच वाक्य तीनदा सांगावे लागते. आणि मग कोणीतरी ‘वयोमानाप्रमाणे हे व्हायचेच’ असे म्हणून विषय मिटवतो. चक्कर येण्याच्या बाबतीतही हेच घडते. हे वाक्य पुष्कळदा खरे असते, हे मान्य केले पाहिजे. परंतु कानाचे काही विकार असे आहेत की त्यांत उपचारासाठी हाती मोजके दिवसच असतात. काही असे आहेत की महिनोन्महिने गोळ्या घेऊन न थांबलेली भोवळ पाच-दहा मिनिटांच्या एका साध्या क्रियेने थांबते. या दोन्ही ठिकाणी ‘वयोमान’ हा शब्द रुग्णाचे नुकसान करतो. म्हणून आज अंतर्कर्णाविषयी, आणि विशेषतः त्यात काय थांबू शकते व काय थांबू शकत नाही याविषयी, थोडे विस्ताराने पाहू.

कानाचे तीन भाग आपण शाळेत शिकलेलो आहोत. बाह्यकर्ण आणि मध्यकर्ण ध्वनी आत पोहोचवण्याचे काम करतात. ऐकण्याचे खरे काम अंतर्कर्णात, गोगलगाईच्या शंखासारख्या वळलेल्या एका नलिकेत होते. तिला कॉक्लिया म्हणतात. अडीच वेढे घेतलेली ही नलिका उलगडली तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरेल. तीत सुमारे १५,००० केसपेशी असतात. त्यांच्या टोकांवरील सूक्ष्म केस ध्वनीच्या लहरींनी हलतात, त्यातून विद्युतसंदेश निर्माण होतो आणि तो श्रवणचेतेमार्गे मेंदूकडे जातो. निरनिराळे स्वर नलिकेच्या निरनिराळ्या जागी कंपने कशी उठवतात, हे दाखवून देणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. या पेशींविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे : त्वचेच्या किंवा यकृताच्या पेशींप्रमाणे त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. पक्ष्यांमध्ये त्या नव्याने तयार होतात, माणसात नाही.

उंच पट्टीच्या ध्वनींसाठीच्या पेशी नलिकेच्या तोंडाशी असतात आणि वाढत्या वयात प्रथम त्याच झिजतात. त्यामुळे वार्धक्यातील बहिरेपणाची एक विशिष्ट तऱ्हा असते. ‘अ’, ‘आ’, ‘ओ’ हे स्वर नीट ऐकू येतात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘ट’, ‘क’ ही व्यंजने निसटतात. ‘साठ’, ‘पाठ’ आणि ‘काठ’ यांत फरक उरत नाही. बाबा म्हणतात, ‘मला ऐकू येते, पण समजत नाही’, आणि घरच्यांना तो हट्ट वाटतो. प्रत्यक्षात त्यांनी आपल्या आजाराचे अगदी अचूक वर्णन केलेले असते. नातवंडांचे आणि स्त्रियांचे आवाज उंच पट्टीचे असल्यामुळे ते आधी हरवतात; तेव्हा ‘माझे तेवढे ऐकू येत नाही’ या सूनबाईंच्या रागाला शास्त्राचा आधार आहे, मात्र सासऱ्यांचा त्यात दोष नाही. याच विकारात मोठा आवाज एकदम असह्यही होतो. ‘जरा मोठ्याने बोल’ आणि ‘ओरडू नकोस’ ही दोन्ही वाक्ये एकाच मिनिटात ऐकावी लागतात, ती यामुळेच.

ही झीज हळूहळू, दोन्ही कानांत सारखी आणि वर्षानुवर्षे होत जाते. तिच्यासाठी एखादा महिना इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. जे या वर्णनात बसत नाही, त्याकडे मात्र तातडीने पाहिले पाहिजे.

त्यात सर्वांत महत्त्वाचा विकार म्हणजे एका कानाला अकस्मात येणारा बहिरेपणा. माणूस सकाळी उठतो, नेहमीप्रमाणे फोन कानाला लावतो आणि पलीकडे कोणी बोलतच नाही असे वाटते. फोन दुसऱ्या कानाला लावला की आवाज येतो. कान दुखत नाही, वाहत नाही. फक्त दडा बसल्यासारखा वाटतो, आत कसलातरी सूर वाजत राहतो, कधी त्याबरोबर गरगरतेही. दडा बसल्यासारखे वाटणे हीच येथील फसगत होय. मळ साचला असेल, सर्दी झाली असेल, पाणी गेले असेल अशा समजुतीने कोमट तेल, मळ मऊ करणारे थेंब, वाफारा यांत आठवडा-दोन आठवडे जातात. तीन दिवसांच्या आत अशा रीतीने श्रवणशक्ती लक्षणीय घटली असेल, तर ती अंतर्कर्णाची आणीबाणी समजावी. बहुतेक रुग्णांत नेमके कारण सापडत नाही; विषाणूसंसर्ग किंवा सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील अडथळा यांचा संशय घेतला जातो. स्टिरॉइड औषधे हा यावरचा प्रमुख उपचार असून तो पहिल्या दोन आठवड्यांत, शक्यतो पहिल्या काही दिवसांत सुरू झाला तरच त्याचा उपयोग होण्याची आशा अधिक असते. मधुमेह असलेल्यांनी स्टिरॉइडच्या नावाने घाबरून घरी बसू नये. रक्तशर्करेवर लक्ष ठेवून गोळ्या देता येतात, किंवा औषध कानाच्या पडद्यातून थेट मध्यकर्णात टोचता येते. त्याचा साखरेवर फारसा परिणाम होत नाही. गोळ्यांनी गुण आला नाही तरी पुढील काही आठवड्यांत हे इंजेक्शन देऊन पाहता येते.

उपचाराने प्रत्येकाला पूर्ण ऐकू येऊ लागते असे सांगणे खोटे ठरेल. काहींची श्रवणशक्ती पूर्ण परतते, काहींची अर्धवट, काहींची मुळीच नाही. काहींची औषधावाचूनही परतते. पण दोन आठवडे तेलात घालवलेल्या रुग्णापाशी ही संधीच उरत नाही. एमआरआय तपासणी सांगितली तर तीही टाळू नये. क्वचित श्रवणचेतेवर वाढणारी, कर्करोगाची नसलेली गाठ याच मार्गाने प्रथम लक्षात येते.

मळाचा दडा आणि अंतर्कर्णाचा बहिरेपणा यांतील फरक ओळखण्याची एक जुनी, सोपी युक्ती आहे. एक कान बोटाने बंद करून ‘म्…’ असे गुणगुणून पाहा. आवाज बंद केलेल्या कानात मोठा वाटेल. मळामुळे किंवा मध्यकर्णातील दोषामुळे ऐकू येत नसेल तर असेच होते : बोट न घालता गुणगुणले तरी आवाज आजारी कानाकडे ओढला जातो. अंतर्कर्ण बिघडला असेल तर आवाज चांगल्या कानाकडे जातो. डॉक्टर ट्यूनिंग फोर्क कपाळावर टेकवतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. ही युक्ती तपासणीची जागा घेऊ शकत नाही; पण आवाज चांगल्या कानाकडे जात असेल तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

आता चक्कर. अंतर्कर्णातच, कॉक्लियाला लागून, शरीराचा तोल सांभाळणारा अवयव आहे. त्यात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि शेजारी दोन छोट्या पिशव्या असतात. पिशव्यांतील मऊ पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण चिकटलेले असतात. वयोमानाने, डोक्याला मार लागल्याने किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळल्याने हे कण सुटतात आणि नलिकेत शिरतात. मग कुशीवर वळताना, उशीवर डोके टेकताना, माळ्यावरचा डबा काढायला मान वर करताना सारी खोली गरगर फिरते. ही भोवळ भयंकर असते, परंतु ती मिनिटभराच्या आत ओसरते, आणि तिच्यात ऐकण्यावर काहीही परिणाम होत नाही. या वर्णनावरूनच निदान निम्मे होते. उरलेले निम्मे डॉक्टर रुग्णाला विशिष्ट पद्धतीने आडवे करून, डोळ्यांच्या बुबुळांची हालचाल पाहून करतात. त्यासाठी खर्चाच्या कुठल्याही तपासणीची गरज नसते.

उपचारही तसाच आहे. अमेरिकेतील पोर्टलंड येथील कानाचे शल्यविशारद जॉन एप्ली यांनी १९८० साली आपल्या व्यवसायबंधूंसमोर एक क्रिया मांडली. रुग्णाचे डोके ठरावीक क्रमाने चार-पाच स्थितींत वळवत नेले की नलिकेतील कण स्वतःच्या वजनाने घरंगळत पुन्हा पिशवीत जातात. इतक्या साध्या गोष्टीवर श्रोत्यांचा विश्वास बसला नाही. त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध होण्यास १९९२ साल उजाडले. आज ही क्रिया जगभर प्रमाण उपचार मानली जाते आणि बहुसंख्य रुग्णांना एक-दोन वेळा केल्याने आराम पडतो. पहिल्यांदा ती जाणकार डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट यांच्याकडूनच करून घ्यावी. कण कोणत्या बाजूच्या, कोणत्या नलिकेत आहेत हे कळल्याशिवाय मोबाइलवरची चित्रफीत पाहून मान वळवणे योग्य नव्हे. मानेचे मणके झिजलेल्या व्यक्तींनी तर मुळीच नाही. विकार पुन्हा उद्भवू शकतो. दक्षिण कोरियात झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी होते त्यांना ते आणि कॅल्शियम दिल्यावर भोवळ परतण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले. तेव्हा वारंवार त्रास होणाऱ्यांनी ही रक्ततपासणी करून घ्यावी.

येथे थोडे परखड लिहिणे भाग आहे. आपल्याकडे चक्कर म्हटली की ‘चक्करची गोळी’ हे समीकरण पक्के झाले आहे. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन ही औषधे तीव्र भोवळ आणि उलट्यांसाठी दोन-चार दिवस उपयोगी पडतात. पण कण जागेवर नेण्याचे काम कोणतीही गोळी करीत नाही. जुन्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून आणून ही औषधे महिनोन्महिने घेणाऱ्या वृद्धांत हाताला कंप, चालीत मंदपणा, चेहऱ्यावर निर्विकारपणा अशी पार्किन्सनसारखी लक्षणे दिसू शकतात, आणि मग त्यावर आणखी एक गोळी सुरू होते. शिवाय तोल सावरण्याची मेंदूची शिकण्याची क्रियाही या औषधांनी मंदावते. घरातील डब्यात अशी गोळी किती दिवसांपासून आहे ते आजच पाहा आणि ती पुढे चालू ठेवायची का, हे डॉक्टरांना विचारा.

सगळीच चक्कर मिनिटभराची नसते. वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकणारी भोवळ, तिच्याबरोबर एका कानात दाब, गुणगुण आणि कमी-जास्त होणारा बहिरेपणा असा संच दिसला तर तो बहुधा मेनिएरचा विकार असतो. प्रॉस्पर मेनिएर हे पॅरिसमधील मूकबधिरांच्या संस्थेचे वैद्य होते. अशी भोवळ मेंदूतून नव्हे तर कानातून येते, हे त्यांनी १८६१ साली मांडले. तोवर असे झटके मेंदूत रक्त साचल्याचे मानून रुग्णाचे रक्त काढीत. या विकारात अंतर्कर्णातील द्रवाचे प्रमाण वाढलेले आढळते. लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठ कमी करण्याचा सल्ला प्रथम दिला जातो, मग औषधे आणि गरज पडल्यास कानात इंजेक्शन. दिवसच्या दिवस टिकणारी, पण ऐकणे शाबूत असलेली भोवळ तोलाच्या चेतेला सूज आल्याने होते. ती ओसरल्यावर अंथरुणात पडून न राहता चालण्याचे आणि नजर स्थिर ठेवण्याचे व्यायाम लवकर सुरू केले तर सुधारणा जलद होते. आणि चक्करेबरोबर बोलणे अडखळणे, एकाची दोन माणसे दिसणे, चेहरा किंवा हात लुळा पडणे, अजिबात उभे राहता न येणे यांपैकी एकही लक्षण असेल, तर तो कानाचा प्रश्न नसून पक्षाघाताचा असू शकतो. तेथे तासांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब असतो. थेट रुग्णालय गाठावे.

अंतर्कर्णाला बाहेरून होणाऱ्या इजांपैकी गोंगाट सर्वांना ठाऊक आहे. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास काम करणाऱ्याचे कान हळूहळू निकामी होतात. मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंती याच्या कितीतरी पुढे जातात. औषधांमुळे होणारी इजा मात्र फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. जेंटामायसिन, अमिकासिन ही प्रतिजैविकांची इंजेक्शने केसपेशी मारू शकतात; मूत्रपिंड कमजोर असेल तर औषध शरीरात साचते आणि धोका वाढतो. क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिन घेतलेल्या जुन्या पिढीतील अनेकांचा तोल कायमचा बिघडला, तो यामुळेच. कर्करोगावरील सिसप्लॅटिन आणि शिरेतून जोरात दिलेले फ्युरोसेमाइड हेही याच यादीत येतात. ही औषधे जीव वाचवण्यासाठी दिली जातात, म्हणून त्यांना नकार देणे चुकीचे ठरेल. पण रुग्णालयात आईजवळ बसलेल्या मुलीने ‘हिला आधीच कमी ऐकू येते आणि हिचे क्रिएटिनिन वाढलेले आहे, दुसरे औषध चालेल का?’ एवढे विचारावे. उपचार सुरू असताना कानात नवा आवाज येऊ लागला किंवा चालताना झोक जाऊ लागला, तर त्याच दिवशी सांगावे.

कानकोरणे, आगपेटीची काडी, लसूण उकळलेले तेल यांविषयी एवढेच की पडदा शाबूत असेल तर तेल अंतर्कर्णापर्यंत पोहोचत नाही, आणि पडद्याला छिद्र असेल तर ते पोहोचू नये.

आता त्या संथ, वयोमानाच्या बहिरेपणाकडे वळू. गेलेल्या पेशी परत आणणारे औषध आज उपलब्ध नाही. तसा दावा करणारी जाहिरात दिसली तर पान उलटावे. उपाय आहे तो श्रवणयंत्राचा. अनेक घरांत ते यंत्र कपाटातील डबीत पडून असते. याचे कारण बहुधा असे की ते मोजमाप न करता, कोणाच्यातरी सांगण्यावरून किंवा परस्पर मागवून घेतलेले असते. सरसकट सगळे आवाज वाढवणारी स्वस्त उपकरणे भांड्यांचा खणखणाट आणि पंख्याची घरघरही तितकीच वाढवतात. श्रवणालेख काढून, जी पट्टी हरवली आहे तेवढीच वाढवून देणारे यंत्र श्रवणतज्ज्ञाने बसवून द्यावे लागते, आणि नंतर दोन-तीनदा जाऊन ते जुळवून घ्यावे लागते. मेंदूलाही सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात शांत खोलीत एका माणसाशी बोलताना, रोज एक-दोन तास ते लावावे. लग्नाच्या मांडवात पहिल्यांदा लावणाऱ्याने ते कायमचे काढून ठेवलेच म्हणून समजा. दोन्ही कान बिघडले असतील तर शक्यतो दोन्हींना यंत्र लावावे, कारण आवाज कोणत्या दिशेने आला हे एका कानाने कळत नाही. रस्ता ओलांडताना याचे महत्त्व समजते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था तपासणी आणि यंत्र बसवणे ही दोन्ही कामे करते. अल्प उत्पन्न गटातील ज्येष्ठांना २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकते. यंत्राचाही उपयोग होत नाही इतका बहिरेपणा असेल तर कॉक्लियर इम्प्लांटची शस्त्रक्रिया साठी-सत्तरीनंतरही करता येते. खर्च मात्र काही लाखांचा आहे.

कमी ऐकू येणे आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध आता बराच चर्चेत आहे. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोग्या १४ कारणांत श्रवणदोषाचा समावेश केला. यावरून ‘यंत्र लावले की विसरणे थांबेल’ असा प्रचार करणे अतिशयोक्तीचे आहे. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या सुमारे हजारभर व्यक्तींवर तीन वर्षे झालेल्या चाचणीत सर्वांचा मिळून असा फायदा दिसला नाही. ज्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका आधीच अधिक होता, त्यांच्या गटात मात्र ऱ्हासाचा वेग स्पष्टपणे मंदावला. यंत्र लावण्यास तेवढे पुरेसे आहे, आणि घरातील गप्पांत पुन्हा सामील होणे हे कारण तर त्याहून मोठे आहे.

कुटुंबीयांनी समोर बसून, चेहऱ्यावर उजेड असताना, ओरडण्याऐवजी सावकाश बोलावे. वाक्य समजले नाही तर तेच वाक्य चढ्या आवाजात सांगण्यापेक्षा शब्द बदलून सांगावे. ‘साठ’ कळले नाही तर ‘पन्नास अधिक दहा’ कळते. आधी नाव घेऊन लक्ष वेधावे, विषय सांगावा, मग मुद्द्यावर यावे. आणि ‘जाऊ दे, काही नाही’ हे उत्तर कधीही देऊ नये.

यंत्राच्या छोट्या बॅटरीवरचा रंगीत कागद काढल्यावर ती लगेच आत घालू नका. हवा लागून ती जागी होण्यास दोन-तीन मिनिटे द्या. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, यंत्र रात्री बॅटरीचे दार उघडे ठेवून, ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुडीसह बंद डबीत ठेवावे. संपलेल्या बॅटऱ्या नातवंडांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवाव्यात; मुलाने एखादी गिळल्याचा नुसता संशय आला तरी लगेच रुग्णालयात न्यावे.